ना ड्रम, ना अ‍ॅम्प्लिफायर: रॉक बँड ब्लूग्रासकडे वळतो तेव्हा

एखाद्या रॉक बँडने ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम जाहीर केला की त्यात काय असणार, याचा मुंबईतील श्रोत्यांना साधारण अंदाज असतो. 1989 मध्ये एमटीव्हीने त्या नावाची मालिका सुरू केल्यापासून हा प्रकार सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. गिटार लाकडी पोकळ पेटीच्या येतात, ड्रमवादक काठ्यांऐवजी ब्रश हातात घेतो, गायक उंच स्टुलावर बसतो आणि नेहमीचीच गाणी थोड्या संथ लयीत, थोड्या हळव्या आवाजात ऐकायला मिळतात. बँड मात्र तोच राहतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर जोडून उभा राहतो. रॉक बँडने ब्लूग्रास बँड होणे ही याहून फार वेगळी आणि बरीच अवघड गोष्ट आहे. रॉक संगीतात वीज आणि ड्रम मिळून जी कामे करतात ती सगळी या संगीतात माणसांच्या हातांत वाटून द्यावी लागतात, आणि ही वाटणी नेमकी कशी होते हे कळले की ब्लूग्रासची बरीचशी रचनाच उलगडते.

आधी ब्लूग्रास म्हणजे काय ते पाहू. ते ऐकताना डोंगरकपारीत शतकानुशतके वाजत आलेले लोकसंगीत आपण ऐकत आहोत असा भास होतो, पण वयाने ते मराठी बोलपटाहूनही लहान आहे. ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये पडद्यावर आला. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो 1939 मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले, आणि आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणतो तो नाद 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक त्यांच्या ताफ्यात आल्यावर पक्का झाला. मन्रो मूळचे केंटकी राज्यातले. त्या राज्याला तिथल्या गवतावरून ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात, म्हणून त्यांच्या बँडचे नाव ‘ब्लू ग्रास बॉईज’ होते आणि पुढे तेच नाव संपूर्ण संगीतप्रकाराला मिळाले. स्कॉटिश आणि आयरिश स्थलांतरितांच्या फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) धुना, चर्चमधील समूहगान, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या स्मृतीतून अमेरिकेत घडलेले बँजो हे वाद्य, असे अनेक प्रवाह त्यात मिसळलेले आहेत. वाद्यमेळ मात्र ठरीव आहे: मँडोलिन (जोडतारांचे, गिटारहून लहान वाद्य), पाच तारांचा बँजो, फिडल, गिटार आणि उभा डबल बास. 1955 च्या सुमारास धातूची तबकडी बसवलेली, मांडीवर आडवी ठेवल्यासारखी वाजवली जाणारी डोब्रो गिटारही या मेळात आली. ड्रमला मात्र परंपरेने जागा नाही.

आता समजा, अंधेरीतील एका पाच जणांच्या रॉक बँडने हा रस्ता धरायचे ठरवले. गायक, दोन इलेक्ट्रिक गिटारवादक, बास आणि ड्रम अशी त्यांची नेहमीची रचना आहे. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न स्वर किती काळ टिकतो हा असेल, आणि त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

इलेक्ट्रिक गिटारचे अंग भरीव लाकडाचे असते. तार छेडली की तिची ऊर्जा त्या जड लाकडात फारशी झिरपत नाही, त्यामुळे ती बराच वेळ कंप पावत राहते. तिच्याखालचे चुंबकीय पिकअप या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतात आणि आवाज मोठा करण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. त्यात डिस्टॉर्शन जोडले की संकेताची उंच टोके छाटली जातात. विरत चाललेला स्वरही मग जवळजवळ तितकाच मोठा ऐकू येतो आणि एकच सूर कित्येक सेकंद गात राहतो. लाकडी पेटीच्या गिटारीत मामला उलटा असतो. तिथे तारेला स्वतःचीच ऊर्जा पातळ लाकडी पृष्ठभागाद्वारे हवेत ढकलायची असते, आणि ती जितक्या झपाट्याने बाहेर पडते तितका आवाज मोठा होतो आणि तितकाच लवकर विरतो. बँजो हे याचे टोकाचे उदाहरण आहे. त्याची घोडी लाकडावर नसून ताणलेल्या पातळ पडद्यावर उभी असते, त्यामुळे स्वर खणखणीत निघतो आणि क्षणात विझतो. विजेविना मोठा आवाज हवा असेल तर स्वराच्या लांबीवर पाणी सोडावे लागते, असा हा सरळ सौदा आहे.

स्वर लांबवता येत नसेल तर काय करायचे, याला ब्लूग्रासने दिलेले उत्तर म्हणजे स्वरांची संख्या वाढवणे. हे संगीत इतके वेगवान का, असा प्रश्न नव्या श्रोत्याला हमखास पडतो. वादकांची हौस आणि चढाओढ ही त्याची कारणे आहेतच, पण एक कारण वाद्यांच्या घडणीतही आहे. मधली रिकामी जागा भरण्यासाठी पहिला स्वर विरण्याआधी दुसरा हजर असावा लागतो. अर्ल स्क्रग्ज यांनी लोकप्रिय केलेली तीन बोटांची पद्धत नेमके हेच साधते. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर नख्या चढवून वादक आठ-आठ स्वरांची अखंड साखळी सोडत राहतो, तिला ‘रोल’ म्हणतात. या आठ स्वरांची विभागणी पुष्कळदा तीन, तीन आणि दोन अशी होते, आणि खालची लय दोन-दोनच्या हिशेबाने चाललेली असल्यामुळे वरचे आघात तिच्याशी सतत लपंडाव खेळतात. ब्लूग्रास ऐकताना पाय आपोआप हलू लागतो, त्याला ही आडी विभागणी बऱ्याच अंशी जबाबदार असते. बँजोची पाचवी तार आखूड आणि उंच स्वराची असते. ती बोटाने न दाबता मोकळीच वाजवली जाते आणि चालीच्या अधूनमधून एकच स्वर देत राहते. चिकारीच्या तारा कानात असलेल्या श्रोत्याला हा स्वर परका वाटू नये.

इथे मुंबईकराचा गोंधळ होण्याची शक्यता आहे. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत जो बँजो वाजतो तो या वाद्याचा सख्खा नातेवाईक नाही. टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले ते वाद्य बुलबुल तरंगाच्या कुळातले असून त्याचे मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. गंमत अशी की त्याचा प्रवास आपल्या कल्पित बँडच्या नेमका उलट दिशेने झाला. घरात बसून हळुवार वाजवण्याच्या या वाद्याला मुंबईने पिकअप लावला, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, ट्रकवर चढवले आणि ढोल-ताशांच्या गदारोळातही ऐकू जाईल असे करून टाकले.

दुसरा प्रश्न ड्रमवादकाचा, आणि माझ्या मते सगळ्या स्थित्यंतरातला हा सर्वांत नाजूक भाग आहे. रॉक बँडमध्ये लय सांभाळण्याची जबाबदारी मुख्यतः एका माणसावर असते आणि बाकीचे तिच्यावर निर्धास्त टेकून वाजवतात. ब्लूग्रासमध्ये हे टेकण्याचे ठिकाणच काढून घेतले जाते. चार मात्रांचे आवर्तन धरले तर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर डबल बासचा घुमणारा स्वर पडतो, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा ‘चॉप’. चॉप म्हणजे सगळ्या तारांवर एकदम आघात करून डाव्या हाताची पकड लगेच सैल करायची, की स्वर उमटता उमटताच दाबला जातो आणि कोरडा ‘चक्’ असा आवाज तेवढा शिल्लक राहतो. भजनात टाळकरी टाळ उघडा वाजू न देता दाबून घेतो तेव्हा जो ठोका मिळतो, त्याच जातीचा हा ठोका आहे. ड्रम संचातील स्नेअरचे, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचे, काम तो करतो, बास ड्रमचे काम डबल बास करतो आणि झांजांची सततची कुजबुज गिटारच्या झंकारातून व बँजोच्या रोलमधून येते. एका माणसाचे चार हातापायांचे काम असे चार वाद्यांत विखुरले जाते.

याचा परिणाम असा की लय चुकली तर नेमकी कोणामुळे चुकली हे चटकन सापडत नाही, आणि प्रत्येकाला संपूर्ण ठेका मनात चालू ठेवूनच वाजवावे लागते. शिवाय ब्लूग्रासचे वादक मात्रेच्या किंचित पुढच्या कडेवर वाजवतात. लय वाढत नाही, पण ती पुढे खेचत असल्याची जाणीव सतत होत राहते, आणि तिला ते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. रॉकमध्ये मात्रेच्या जरा मागे रेलून वजन आणण्याची सवय लागलेली असते. हातांच्या तालमीने बोटे तयार होतील, पण ही सवय मोडायला त्याहून अधिक वेळ लागतो. मग ड्रमवादकाचे काय करायचे? त्याला निरोप देणे हा सोपा मार्ग, पण शहाणपणाचा असेलच असे नाही. लयीचे मर्म त्याच्याइतके पक्के इतर कोणाकडे नसते, त्यामुळे त्याच्या हातात मँडोलिन देऊन पाहायला हरकत नाही. अमेरिकेतील डुलुथ या गावच्या ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ या बँडचा फिडलवादक रायन यंग हा पूर्वी स्पीड मेटल, म्हणजे अतिवेगवान जड रॉक वाजवणाऱ्या, बँडमध्ये ड्रम वाजवत असे.

याच बँडची जन्मकथा आपल्या विषयाला अगदी लागू पडते. गायक डेव्ह सिमोनेट आपल्या आधीच्या बँडबरोबर कार्यक्रम करत असताना त्याच्या गाडीतून बहुतेक सामान चोरीला गेले आणि हाती उरली ती एक अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारी लाकडी पेटीची, गिटार. तिच्याभोवती त्याने 2003 मध्ये नवा बँड उभा केला. मंडळी ब्लूग्रासच्या परंपरेत वाढलेली नव्हती, त्यामुळे त्यांचे संगीत शुद्ध ब्लूग्रास आहे की नाही यावर कर्मठ लोक वाद घालतात. पण वेगाचा आणि आक्रमकतेचा रॉकमधून आलेला वारसा त्यांनी सोडला नाही, आणि त्यामुळेच ते ऐकावेसे वाटतात. आजच्या ब्लूग्रासमधला सर्वांत गाजलेला तरुण गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज हा घरात ब्लूग्रास ऐकत वाढला, किशोरवयात मेटल बँडमध्ये वाजवू लागला आणि मग पुन्हा घरच्या संगीताकडे परतला. 2021 मध्ये त्याला ब्लूग्रास विभागातील ग्रॅमी मिळाले. मेटल आणि ब्लूग्रास यांचे हे सख्य वरवर विचित्र वाटते, पण प्रचंड वेग, काटेकोर तालबद्धता आणि बोटांची कमालीची तयारी यांना मान देणारी ही दोन्ही घराणी आहेत.

उलट दिशेची वाहतूक तर त्याहून जुनी. मन्रो यांचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे तीन मात्रांच्या संथ चालीतले गाणे 1954 मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने चार मात्रांत उडवून दिले आणि ते त्याच्या पहिल्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आले. मन्रो रागावले असते तर नवल नव्हते. पण त्याच वर्षी त्यांनी ते गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि त्यात सुरुवात जुन्या चालीने करून पुढे ते स्वतःच चार मात्रांच्या धावत्या लयीत शिरले. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा जेरी गार्सिया तरुणपणी बँजोच वाजवत असे. 1973 मध्ये त्याने डेव्हिड ग्रिसमन, पीटर रोवन, वासर क्लेमेंट्स आणि जॉन कान यांच्याबरोबर ‘ओल्ड अँड इन द वे’ हा ब्लूग्रास बँड काढला. तो फार काळ टिकला नाही, पण त्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या तबकडीने रॉक ऐकणाऱ्या असंख्य तरुणांना ब्लूग्रासच्या दारात आणून सोडले. एसी/डीसी या रॉक बँडची गाणी बँजोवर वाजवून 2001 मध्ये गाजलेला ‘हेसीड डिक्सी’ हा मात्र वेगळा प्रकार म्हणावा लागेल. तिथे मूळ गाणे आणि नवा पोशाख यांच्यातील विसंगतीची मौज हाच मुख्य आनंद आहे, आणि तो आनंद खरा असला तरी स्वतःची ओळख बदलू पाहणाऱ्या बँडला फार दूर नेणारा नाही.

अंधेरीच्या बँडकडे परत येऊ. लीड गिटारवादकाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो तारांच्या जाडीचा. इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत बारीक तार बहुधा 0.009 किंवा 0.010 इंच जाडीची असते, तर अकूस्टिक गिटारवर ती 0.012 किंवा 0.013 इंचाची असते. कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक बोटांना चांगलाच कळतो, कारण तार ओढून स्वर वर चढवण्याची रॉकमधली लाडकी करामत इथे जवळजवळ बंद होते. त्याहून मोठा बदल भूमिकेचा आहे. ब्लूग्रासमध्ये एकल वादनाला ‘ब्रेक’ म्हणतात आणि तो आळीपाळीने प्रत्येकाला मिळतो, पण बहुतेक वेळा फक्त एका कडव्याएवढा. बाकीचा वेळ दुसऱ्याच्या मागे, त्याला झाकून न टाकता वाजवायचे असते. पाच मिनिटांच्या सोलोची चटक लागलेल्या माणसाला हे कमीपणाचे वाटू शकते. फिडलसाठी मात्र मुंबईत माणूस मिळणे अवघड नाही, कारण फिडल म्हणजे व्हायोलिनच, आणि गोव्यातून आलेल्या वादकांनी चित्रपटसंगीताच्या काळात या शहरात व्हायोलिनची भक्कम परंपरा उभी केली आहे. बदलते ते गज चालवण्याचे तंत्र: दोन तारा एकदम वाजवणे आणि गजाच्या छोट्या, तुटक फेऱ्यांतून ताल धरणे. डबल बासचा प्रश्न सांगीतिक कमी आणि वाहतुकीचा जास्त. जवळपास सहा फूट उंचीचे ते धूड विरार लोकलमध्ये गर्दीच्या वेळी कसे चढवायचे, याचा विचार त्या वाद्याच्या शिल्पकारांनी केलेला नव्हता.

मुंबईची हवाही या वाद्यांना मानवत नाही. अकूस्टिक वाद्यांच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता सोसते, आणि जुलैत इथे ती 80 टक्क्यांच्या वर असते. गिटारचा पातळ पृष्ठभाग ओलावा शोषून फुगतो, तारा पट्टीपासून उंच उचलल्या जातात, त्या दाबायला जोर लागतो आणि आवाज दबका होतो. बंद पेटीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवणे हाच त्यातला साधा उपाय. बँजोची पूर्वी यात सर्वांत वाईट दशा होत असे, कारण त्याचा पडदा चामड्याचा होता. आता तो प्लास्टिकचा असल्याने तेवढी चिंता मिटली आहे.

गायनाकडे येताना पट्टीचा विचार करावा लागतो. मन्रो यांनी त्या काळच्या रूढ सोयीच्या पट्ट्या सोडून बी आणि बी फ्लॅट, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सात आणि काळी पाच, अशा चढ्या पट्ट्यांत गायला सुरुवात केली. जुनी नाट्यगीते आवडणाऱ्यांना पुरुषाच्या आवाजातल्या या तारस्वराची ओढ समजावून सांगायला नको. मुख्य गायकाच्या वरच्या स्वरांत दुसरा आणि खालच्या स्वरांत तिसरा अशी तिघांची जोडगायकी चालते, आणि तिथे आपल्याकडील गायकांची खरी कसोटी लागते. एका सुरात मिळून गाण्याचे संस्कार आपल्यावर असतात, पण शेजारी दुसरा माणूस वेगळा स्वर गात असताना आपला स्वर न सोडण्याचे नसतात. वांद्रे किंवा माहीमच्या चर्चमधील गायनवृंदात वाढलेला एखादा साथीदार असेल तर बँडचे काही महिने वाचतील.

रंगमंचही बदलतो. चाळीस-पन्नासच्या दशकांत रेडिओवर सगळा ताफा एकाच मायक्रोफोनभोवती उभा राहत असे, आणि आजही अनेक बँड हौसेने तसे करतात. ज्याचा ब्रेक असेल तो पुढे सरकतो, त्याचा संपला की बाजूला होतो, तिघे गाणारे डोकी जवळ आणतात आणि आवाजाचा तोल पावलांच्या हालचालीने सांभाळला जातो. ध्वनितंत्रज्ञाच्या टेबलावरचे काम असे वादकांच्या पायांकडे येते. मुंबईत रॉकला जागेची अडचण जुनी आहे. धोबी तलावजवळच्या रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर एका पिढीने रॉक ऐकले, पण शेजारच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि तिथले कार्यक्रम थांबले. वाद्ये विजेविना वाजवली म्हणजे अशा नियमांतून सुटका झाली, असे मात्र कोणी समजू नये. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत 2010 मध्ये दुरुस्ती झाली आणि रात्री दहानंतर उघड्यावर केवळ ध्वनिक्षेपकच नव्हे तर वाद्य वाजवण्यावरही बंधन आले. शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे, आणि जोमात वाजणारा एकटा बँजो ती सहज ओलांडतो. खरा फायदा होतो तो बंद, लहान जागांत. साठ-सत्तर माणसांच्या खोलीत ड्रम संच लावला की गायकाला ऐकू येण्यासाठी सगळ्यांचेच आवाज वाढवत न्यावे लागतात. ब्लूग्रासचा ताफा तिथे एकही वायर न जोडता वाजवू शकतो.

शेवटी उरतो तो बँडच्या स्वतःच्या गाण्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते तालमीची सुरुवात खरे तर इथूनच करावी. जड रॉकची पुष्कळ गाणी ‘पॉवर कॉर्ड’वर उभी असतात. त्यात केवळ षड्ज आणि पंचम असतात, गंधार गाळलेला असतो, कारण डिस्टॉर्शनमध्ये तिसरा स्वर मिसळला की नाद गढूळ होतो. त्यामुळे ते गाणे शुद्ध गंधाराचे की कोमल गंधाराचे, हे कित्येकदा ठरवलेलेच नसते आणि विजेच्या गर्जनेत त्याची कोणाला आठवणही होत नाही. अकूस्टिक वाद्यांवर तेच दोन स्वर वाजवले की पोकळ वाटतात, पूर्ण कॉर्ड वाजवावी लागते, आणि त्या क्षणी गंधाराचा निर्णय घ्यावाच लागतो. शुद्ध गंधार घेतला तर चिडलेले गाणे अचानक उजळते, कोमल घेतला तर ते विलापाकडे झुकते, आणि ज्याने ते लिहिले त्याला यातले काहीच अभिप्रेत नसण्याचीही शक्यता असते. फिडलवर दोन्ही गंधारांच्या मधोमध सरकत जाणारा ब्लूजचा स्वर घेणे ही एक वाट आहे, आणि मन्रो यांनी तिचा भरपूर वापर केला होता. ज्या गाण्यांना रिफखेरीज (म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याखेरीज) गुणगुणता येईल अशी चाल आहे ती या फेरफारातून तरतात, आणि ज्यांचा सगळा जीव गिटारच्या गडगडाटात होता ती गाणी यादीतून काढून त्यांच्या जागी नवी लिहावी लागतात.